चूक कोणाची, शब्द कोणाचा?
(‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाच्या निमित्ताने)

आठवीच्या वर्गाच्या इंग्रजी निबंधाच्या वह्या आम्ही तपासत होतो. विषय नेहमीचाच, घरातील एक लग्न. एका विद्यार्थिनीने आपल्या चुलतभावाच्या निकाहाचे वर्णन करताना ‘कझिन-ब्रदर’ असा शब्द लिहिला होता. आम्ही सवयीने तांबड्या शाईने त्यातला ‘ब्रदर’ खोडला आणि अर्धा गुण कापला. वह्या परत दिल्यावर ती मुलगी टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘‘टीचर, खाली कझिन लिखे तो समझेगा कैसे, भाई है के बहन?’’ आम्ही उत्तर दिले, ‘‘अंग्रेजी में ऐसाच रहता.’’ ती मान हलवून जागेवर जाऊन बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

आमच्या घरात चचेरा, फुफेरा, ममेरा आणि खालाजाद असे भाऊ वेगवेगळे ओळखले जातात. मराठीत चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ आहेत. इंग्रजीने ही सगळी भावंडे ‘कझिन’ या एकाच गोणीत भरली आणि मुलगा की मुलगी एवढेही सांगायचे सोडून दिले. त्या मुलीला जी गरज भासली ती तिने दोन शब्द जोडून भागवली. असे शब्द जोडणे हा इंग्रजीचा स्वतःचाच जुना धंदा आहे. ‘ब्रदर-इन-लॉ’ हा तीन तुकड्यांचा जोडशब्द पाहा. साला, जिजा, देवर, जेठ सगळे त्यात कोंबलेले. तो शुद्ध, आणि आमच्या विद्यार्थिनीचा दोन तुकड्यांचा शब्द मात्र अशुद्ध. असे का? हा प्रश्न व्याकरणाचा आहे असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. तो केवळ व्याकरणाचा नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

इंग्रजीत बनवलेले, मोडलेले आणि जोडलेले शब्द भाषेत कोणत्या दाराने शिरले ते पाहू. पहिले दार प्रतिष्ठितांचे. इंग्लंडचे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांचे चिरंजीव होरेस वॉलपोल यांनी 28 जानेवारी 1754 रोजी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ‘सेरेन्डिपिटी’ असा एक शब्द बनवून टाकला. शोधत नसताना अचानक चांगली गोष्ट हाती लागणे, असा त्याचा अर्थ. सेरेन्डिपच्या तीन राजपुत्रांची एक गोष्ट त्यांनी वाचली होती, तिच्यावरून हा शब्द सुचला. ‘सरनदीब’ हे अरबी-फारसीतले श्रीलंकेचे जुने नाव, हे उर्दू वाचणाऱ्याला सांगायला नको. त्या गोष्टीचे एक जुने रूप आपल्या हजरत अमीर खुसरोंच्या ‘हश्त बिहिश्त’ या 1302 च्या फारसी मसनवीत आहे. तेथून ती 1557 मध्ये व्हेनिसला इटालियनमध्ये छापली गेली आणि पुढे इंग्रजीत आली. म्हणजे कच्चा माल पूर्वेचा, कारागिरी एका उमरावाची, आणि शब्द पूर्णपणे मनगढंत. तरी वॉलपोलना कोणी तांबडी शाई दाखवली नाही. आज हा शब्द इंग्रजीतल्या सुंदर शब्दांत मोजला जातो.

दुसरे दार साहित्यिकाचे. लुईस कॅरल हे ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणारे गृहस्थ. त्यांच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या 1871 अखेरीस आलेल्या पुस्तकात ‘जॅबरवॉकी’ नावाची एक कविता आहे. तिच्यातले कितीतरी शब्द कोणत्याही कोशात नव्हते. पुस्तकातली मुलगी अ‍ॅलिस गोंधळते. तेव्हा भिंतीवर बसलेला अंड्याच्या आकाराचा हम्प्टी डम्प्टी तिला त्यांतल्या काही शब्दांची फोड करून सांगतो. एका शब्दात दोन अर्थ भरलेले असतात, जशी दोन कप्प्यांची प्रवासी पेटी. त्या पेटीला तेव्हा ‘पोर्टमँटो’ म्हणत. तेच नाव पुढे अशा जोड-मोड शब्दांच्या जातीला पडले. ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ मिळून ‘स्मॉग’, ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ मिळून ‘ब्रंच’, ही त्याच जातीची पुढची पिढी.

त्याच प्रकरणात हम्प्टी डम्प्टी आणखी एक दावा करतो. आपण वापरलेल्या शब्दाचा अर्थ आपण ठरवू तोच, असे तो ऐटीत सांगतो. अ‍ॅलिस शंका घेते, तेव्हा तो विषय फिरवून प्रश्न मालकीवर आणतो. मुलांच्या पुस्तकात विनोदाने मांडलेला हा प्रश्न आम्हाला भाषाविचारातला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. शब्दाचा मालक कोण?

पण कॅरलच्याच कवितेने त्याच्या पात्राचा दावा खोटा पाडला आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी बनवलेल्या शब्दांपैकी ‘चॉर्टल’ म्हणजे घशातल्या घशात खुदखुदणे आणि ‘गॅलम्फ’ म्हणजे धबाधबा पावले टाकीत जाणे, हे शब्द लोकांनी उचलले आणि ते रोजच्या इंग्रजीत आले. बाकीचे बहुतेक त्या कवितेतच राहिले. शब्द घडवणारा एकच होता, भट्टी एकच होती, तरी काही शब्द जगले आणि काही नाही. म्हणजे शब्द जगवणे घडवणाऱ्याच्या हाती नसते. ते वापरणाऱ्यांच्या हाती असते.

तिसरे दार पंडितांच्या चुकीचे. अमेरिकेतल्या वेबस्टर कोशाच्या 1934 च्या मोठ्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा एक शब्द छापला गेला. अर्थ दिला होता, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रातली घनता. असा शब्द जगात कोणी बोललाच नव्हता. ‘डी’ हे अक्षर मोठे किंवा लहान लिहिले तरी घनतेचे चिन्ह म्हणून चालते, अशी टीप एका चिठ्ठीवर होती. ‘डी ऑर डी’ हे तीन तुकडे चिकटून एक शब्द झाला आणि कोशात जाऊन बसला. 1939 मध्ये एका संपादकाला त्याची व्युत्पत्ती दिलेली दिसली नाही, म्हणून तो पकडला गेला. ही चूक आज सगळे गंमत म्हणून सांगतात. विद्वानाची चूक ही गंमत ठरते आणि विद्यार्थ्याची चूक अज्ञान. हा भेद आम्हाला शाळेत रोज दिसतो.

चौथे दार मात्र पाठीमागचे आहे. छावणीतल्या गोऱ्या शिपायाचे, बंदरावरच्या खलाशाचे, बंगल्यातल्या खानसाम्याचे आणि बाजारातल्या दुभाष्याचे. या दाराने आलेल्या शब्दांचा सर्वांत मोठा दस्तऐवज म्हणजे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश. बंगाल इंजिनिअर्समधले कर्नल हेन्री यूल आणि मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधले संस्कृतज्ञ ए. सी. बर्नेल यांनी तो तयार केला. बर्नेल 1882 मध्ये वारले. कोश 1886 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला आणि विल्यम क्रूक यांनी त्याची दुसरी आवृत्ती 1903 मध्ये काढली. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी रुळलेले शब्द, त्यांची मुळे आणि जुन्या प्रवासवर्णनांतले त्यांचे दाखले, असे त्याचे स्वरूप आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशानेही त्याच्यापासून बरेच घेतले आहे.

या कोशाचे नाव दोन इंग्रज गृहस्थांची जोडी वाटावी असे आहे. पण हॉब्सन आणि जॉब्सन असे कोणी नव्हते. मोहरमच्या जुलुसात छाती पिटत शोक करणाऱ्या अजादारांच्या तोंडून निघणारी ‘या हसन! या हुसेन!’ ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानावर पडली. त्यांच्या जिभेला ती पेलली नाही, तेव्हा त्यांनी ओळखीच्या नावांच्या साच्यात ती ओतली आणि तिचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. त्याआधीच्या युरोपीय प्रवाशांच्या लिखाणात ‘होसीन गोसीन’, ‘हॉसी गॉसी’ अशी रूपेही सापडतात. यूल यांनी ती मोठ्या कष्टाने गोळा करून तारीखवार मांडली आहेत. परकी हाक हळूहळू कशी वितळत गेली ते त्या यादीत स्वच्छ दिसते. पुढे भाषाशास्त्रात एक संज्ञाच झाली. परका शब्द आपल्या भाषेच्या ध्वनीत बसवून घेताना त्याचे जे होते, त्याला ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणू लागले.

आता हा शब्द कोशात कसा नोंदवला आहे ते बघा. अर्थ देताना आधी येते ते देशी लोकांच्या उत्सवी धामधुमीचे, तमाशाचे वर्णन. त्यानंतर, विशेषतः मोहरमचे विधी, असा खुलासा. हा गोऱ्या शिपायाचा शब्द आहे आणि मुळात ती मुसलमानांच्या शोकाची हाक आहे, हे त्यापुढे सांगितले आहे. म्हणजे यूल यांना ठाऊक नव्हते असे नाही. सन 61 हिजरीत, म्हणजे इसवी सन 680 मध्ये, करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसेन आपल्या सोबत्यांसह शहीद झाले. त्या दुःखाची ही हाक. ती ऐकणाऱ्याला तमाशा वाटली, हे त्याच्या कानाचे दुर्दैव म्हणता येईल. पण माहीत असूनही कोशकाराने अर्थाच्या जागी शिपायाचा कान बसवला आणि हाक मारणाऱ्याचे हृदय स्पष्टीकरणात ढकलले. आमचा आक्षेप इथे आहे. शब्द चुकीचा उच्चारला म्हणून नाही.

या नावाबद्दल यूल यांनी प्रस्तावनेत खुलासा केला आहे. नुसते ‘कोश’ असे रुक्ष नाव त्यांना नको होते. शिवाय दोन नावांच्या या जोडशब्दात कोशाचे कर्ते दोघे असल्याची सूचनाही त्यांना दिसली. बर्नेल तोवर हयात नव्हते. मित्राची आठवण शीर्षकात राहावी, ही भावना आम्ही समजू शकतो. पण दोन भावांच्या नावाने केलेला शोक दोन लेखकांच्या नावाची कोटी होतो, तेव्हा वाचणाऱ्या मुसलमानाला क्षणभर थांबावे लागते. चांगली समीक्षा या थांबण्यापासून सुरू होते असे आम्हाला वाटते. रागाने पुस्तक मिटून टाकणे सोपे आहे. पण मग त्यातले शहाणपणही हातचे जाते.

आणि शहाणपण पुष्कळ आहे. यूल आपल्याच लोकांच्या मोडक्या शब्दांची खिल्ली उडवायला कचरत नाहीत. 1755 च्या सुमाराचे ब्रह्मदेशातून लिहिलेले एका कप्तानाचे पत्र त्यांनी नोंदवले आहे. त्यात ‘अपर रॉजर’ नावाचा कोणी बडा माणूस येतो. हा रॉजर म्हणजे ‘युवराज’! ‘बॉबरी’ म्हणजे गोंगाट, या शब्दाचे मूळ ‘बाप रे’ या उद्गारात त्यांनी दाखवले. मराठी वाचकाला ‘बाप रे’ची ही विलायती सफर वाचून खुदकन हसू येईल. बावर्चीचा ‘बोबाची’ झाला, पाण्यात मिसळलेल्या ब्रँडीला ‘ब्रँडी-पानी’ म्हटले गेले, आणि स्पर्धा परीक्षा देऊन आलेला अंमलदार ‘कॉम्पिटिशन-वाला’ ठरला. अर्धा इंग्रजी, अर्धा हिंदुस्थानी असा हा जोडशब्द 1864 मध्ये एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकाचे शीर्षकही झाला. मग ‘कझिन-ब्रदर’ने काय घोडे मारले?

‘टिफिन’चे उदाहरण तर याहून बोलके. यूल यांनी त्याचे मूळ इंग्लंडमधल्याच एका गावंढळ बोलीच्या शब्दात दाखवले. 1785 मध्ये फ्रान्सिस ग्रोस यांनी अशिष्ट इंग्रजीचा जो कोश केला, त्यात ‘टिफिंग’ म्हणजे जेवणाच्या वेळा सोडून केलेले खाणेपिणे, अशी नोंद आहे. तिकडे तो शब्द अशिष्ट म्हणून मागे पडला. इकडे तो दुपारच्या फराळाला चिकटला आणि आज मुंबईच्या डबेवाल्यापासून शाळकरी पोराच्या दप्तरापर्यंत सगळीकडे आहे. इंग्रजांनी टाकून दिलेले त्यांचेच लेकरू आपण सांभाळले.

मोडतोड एकाच बाजूने झाली असेही नाही. गोऱ्याने आपले शब्द मोडले तसे आपल्या शिपायाने त्याचे मोडले. पहाऱ्यावरच्या शिपायाला ‘हू कम्स देअर’ असे ओरडायला शिकवले, त्याने ‘हुकुमदार’ करून टाकले. ‘रिक्रूट’चा रंगरूट झाला, ‘हॉस्पिटल’चे इस्पितळ, ‘लँटर्न’चे लालटेन. नियम दोन्हीकडे एकच होता, कान आणि जीभ दोन्हीकडे माणसाचीच होती. फरक एवढाच की त्यांच्या मोडतोडीचा कोश झाला आणि आपल्या मोडतोडीचे विनोद झाले. कोश लिहायची लेखणी कोणाच्या हातात होती, याचा हा परिणाम आहे.

अर्थात आपल्यातला एखादा माणूस या भाषेत स्वतःच्या पायांनी चालत गेला, याचेही उदाहरण आहे. साके दीन महोमेत 1759 मध्ये पाटण्यात जन्मले, कंपनीच्या बंगाल फौजेत राहिले आणि 1784 मध्ये आयर्लंडला गेले. तिथे त्यांनी एका आयरिश मुलीशी विवाह केला आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1794 मध्ये त्यांनी आपल्या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. पुढे ब्रायटनला त्यांनी वाफारे आणि मालिश यांचे स्नानगृह काढले आणि ‘शॅम्पूइंग’ या नावाने 1822 मध्ये पुस्तकही प्रसिद्ध केले. ‘चांपना’ म्हणजे दाबणे, चेपणे. त्याचे आज्ञार्थी ‘चांपो’ हे शॅम्पूचे मूळ. शब्द त्यांच्या आधी इंग्रजीत पोचला होता, पण तो इंग्लंडच्या लोकांत रुजवला तो या माणसाने. राजे चौथे जॉर्ज यांच्या दरबाराने त्यांना ‘शॅम्पूइंग सर्जन’ नेमले. शब्दाबरोबर माणूस असला, तो स्वतः बोलणारा आणि लिहिणारा असला, की शब्दाची इज्जत कशी राहते ते इथे दिसते. ‘या हसन, या हुसेन’ म्हणणाऱ्यांपाशी तेव्हा इंग्रजी लेखणी नव्हती.

मग ‘अशुद्ध’ ठरवायचे कोणी? 1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी इंग्रजी कोशांच्या उणिवांवर निबंध वाचले. कोशकाराने भाषेचा इतिहासकार व्हावे, न्यायाधीश होऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. यातून जे काम उभे राहिले त्याचा पहिला भाग 1884 मध्ये आला आणि पहिली पूर्ण आवृत्ती 1928 मध्ये संपली. तोच ऑक्सफर्डचा थोरला कोश. शब्द चांगला की वाईट हे न सांगता, तो कोणी, कधी, कोणत्या अर्थाने वापरला एवढे सांगणे हे त्याचे धोरण. म्हणूनच 2017 मध्ये ‘अच्छा’ आणि ‘जुगाड’ त्यात जाऊन बसले. 2020 मध्ये ऑक्सफर्डच्याच विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात ‘चाळ’, ‘डब्बा’ आणि ‘शादी’ आले. ‘इर्रिगार्डलेस’सारखा दुहेरी नकाराचा बेढब शब्दही अमेरिकन कोशात आहे, मात्र ‘प्रमाण नाही’ असा शिक्का मारून. शिक्का मारणे वेगळे आणि अस्तित्व नाकारणे वेगळे.

‘प्रीपोन’ या शब्दाची कथा तर आम्हा शिक्षकांनी पाठच करावी. परीक्षा किंवा सभा ठरल्या तारखेच्या आधी घेणे, या अर्थाचा हा शब्द भारतीयांची खास चूक म्हणून दाखवला जातो. प्रशिक्षण वर्गात एका तज्ज्ञ व्याख्यात्यांनी तो फळ्यावर लिहून आम्हा सर्वांना हसवले होते आणि आम्हीही मनापासून हसलो होतो. पुढे कळले की ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून हा शब्द 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका वाचकाने पत्र लिहून सुचवला होता. तिथे कोणी उचलला नाही. आपल्याकडे गरज होती, म्हणून तो आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत जगला. आम्ही हसलो ते शब्दाला नव्हे, आपल्या तोंडातून आलेल्या शब्दाला. परक्याच्या कानाने स्वतःला ऐकण्याची ही सवय हॉब्सन-जॉब्सनच्या काळापासून आपल्या अंगात मुरलेली आहे.

इथे उर्दूची परंपरा आपल्याला बरेच शिकवू शकते. उर्दूत जुना दंडक आहे : ‘गलत-उल-आम फसीह’. जी चूक सर्वमान्य झाली ती चूक राहत नाही, ती फसीह म्हणजे प्रमाण होते. 1808 च्या सुमारास इन्शा अल्लाह खान ‘इन्शा’ यांनी ‘दरिया-ए-लताफत’ या ग्रंथात हाच विचार ठामपणे मांडला. शब्द अरबी, फारसी, तुर्की, पंजाबी कुठलाही असो, मुळाप्रमाणे असो वा मुळाविरुद्ध, उर्दूत रुळला की तो उर्दूचा. त्याचा बरे-वाईटपणा उर्दूतल्या वापरावर ठरेल. ट्रेंच यांच्या निबंधाच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीची ही गोष्ट आहे. ‘नजाकत’ हा शब्द घ्या. फारसी ‘नाजुक’ला अरबी साच्यात घालून बनवलेला हा शब्द अरबांनी कधी बनवला नव्हता. आज त्याच्याशिवाय उर्दू शायरीची कल्पना करवत नाही. अरबी ‘मौसिम’ उर्दूत ‘मौसम’ झाला, मराठीत ‘मोसम’, आणि पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन ‘मान्सून’. यातला चूक कोणता? चारही आपापल्या घरी बरोबर आहेत.

पण या दंडकाला आमच्याच वडीलधाऱ्यांनी एक शेपूट लावून ठेवले आहे. ‘गलत-उल-आम’ चालेल, ‘गलत-उल-अवाम’ चालणार नाही. म्हणजे सर्वांनी मान्य केलेली चूक प्रमाण, आणि अडाणी जनतेची चूक ती चूकच. ‘आम’ आणि ‘अवाम’ एकाच धातूचे दोन शब्द. पण पहिल्यात शरीफ मंडळी मोजायची आणि दुसऱ्यात बाजारातली. यूल यांच्यावर बोट ठेवताना हे बोट आपल्याकडेही वळते. आमच्या शिक्षक-खोलीत किताबी उर्दू बोलणारे सहकारी ‘नक्को’ म्हणणाऱ्या मुलांना हसतात. ‘ये कौनसी जबान है?’ असे विचारतात. तो ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’चा सख्खा भाऊ आहे. ज्या दखनीला ते हसतात, तिच्यात मुहम्मद कुली कुतुबशाहने दिवाण लिहिला, आणि वली दखनीचा दिवाण दिल्लीत पोचला तेव्हा तिथल्या फारसी लिहिणाऱ्या शायरांना उर्दूकडे वळावेसे वाटले. मुलीला उत्तर देताना आमच्या तोंडून सहज ‘ऐसाच’ निघून गेले होते. तो ‘च’ मराठीचाच. म्हणजे एका अशुद्ध वाक्याने आम्ही तिचा शब्द अशुद्ध ठरवला होता!

मुस्लिम मराठी लेखकाला तर हा अनुभव दोन्ही बाजूंनी येतो. त्याची मराठी ऐकून कोणी ‘तुमची भाषा छान आहे हो’ अशी आश्चर्यमिश्रित शाबासकी देतो, आणि त्याची उर्दू ऐकून कोणी तलफ्फुजवर नाक मुरडतो. तरी याच मातीत मोहरमच्या ताबुतांना गावचे हिंदूही खांदा देत आले आणि ‘ताबूत थंडे झाले’ हा मराठीतला वाक्प्रचार झाला. इथेही परका विधी भाषेत उतरला. पण तो सोबत चालणाऱ्यांच्या तोंडून उतरला. दुरून ऐकणाऱ्याच्या कानातून नाही. शब्द तसाच घेतला की मोडून घेतला, यापेक्षा तो कोणत्या नात्याने घेतला हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

कोणी म्हणेल, मग काय वाट्टेल ते लिहू द्यायचे? तसे नाही. कॅरलचे बहुतेक शब्द कवितेतच राहिले, ते का, हे आपण पाहिले. प्रत्येक चूक शब्द होत नाही. घाईने, न वाचता, न विचार करता केलेली चूक ही चूकच, आणि ती दाखवून देणे शिक्षकाचे कामच आहे. आमच्या मुलांना परीक्षा आणि मुलाखती द्यायच्या आहेत, तिथे प्रमाण इंग्रजी लागते. ती त्यांना न शिकवणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे. पण प्रमाण शिकवण्यासाठी मुलाचा अपमान करावा लागत नाही. त्याने शब्द गरजेतून बनवला आहे का, चार माणसांना तो कळतो का, भाषेच्या घडणीत तो बसतो का, एवढे तीन प्रश्न विचारून मग शाई उचलावी. ‘हा शब्द आपल्याकडे चालतो, परीक्षेच्या इंग्रजीत असा लिहितात’ असे सांगता येते. यात मूल दोन भाषा शिकते आणि एकीचीही लाज बाळगत नाही.

‘हॉब्सन-जॉब्सन’ हे पुस्तक आजही वाचण्यासारखे आहे आणि आमच्या वाचकांनी ते मिळवून वाचावे असे आम्ही सुचवू. सत्ता कोणाची हे पाहून चुकीला नाव दिले जाते, आणि शब्द मात्र वापरणाऱ्यांच्या जोरावर जगतो, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात. फक्त त्याचे शीर्षक वाचताना मूळ हाक मनात ऐकावी. कोशात तिला दुय्यम जागा मिळाली आहे, आपल्या वाचनात ती पहिली असावी.

त्या मुलीची वही आम्ही पुढच्या आठवड्यात परत मागवून घेतली. खोडलेल्या ‘ब्रदर’खाली ठिपके देऊन खोडाखोड रद्द केली आणि समासात परीक्षेत कसे लिहायचे तेही लिहिले. अर्धा गुण परत दिला. तिने वही उघडून पाहिली आणि विचारले, ‘‘मतलब मेरा सही था?’’ आम्ही म्हणालो, ‘‘गलत नहीं था.’’